कापसाच्या गावची कादंबरी

हिंगणघाटला तुमच्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील, पण बहुधा बंडीत नाहीतर ट्रॅक्टरमध्ये कापूस भरून. मार्केटात नंबर लागेपर्यंत गाडीच्या सावलीत भाकरीचे फडके सोडायचे, भाव ऐकायचा, थोडे हळहळायचे आणि चुकारा घेऊन दिवस बुडायच्या आत घर गाठायचे, एवढीच या गावाची आपली ओळख. आज मी तुम्हाला त्याच गावी नेणार आहे, पण कापूस न घेता. एका पुस्तकासाठी, आणि त्या पुस्तकातल्या एका बाईसाठी.

वर्ध्याहून हिंगणघाट सुमारे चाळीस किलोमीटर. वाटेत वायगाव लागते. ते निपाणीचे वायगाव. हळदीचे वायगाव निराळे, ते समुद्रपूर तालुक्यात. त्याच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नवखा माणूस नुसत्या नावाला फसून भलत्याच वायगावी उतरतो आणि हळदीचे वाफे शोधत बसतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, पऱ्हाटी, मधून तुरीची तासे, कुठे सोयाबीन. पुढे वणा नदीच्या काठी हिंगणघाट.

इंग्रजी अमदानीत परदेशच्या बाजारात इथला कापूस 'हिंगणघाट' या नावानेच ओळखला जाई. बनी नावाच्या देशी जातीचा तो कापूस, धागा लांब आणि तलम. १८८० नंतर इथे कापडाची गिरणीही उभी राहिली. पण बनीचा उतारा कमी. पुढे जास्त पिकणाऱ्या जाडाभरड्या जाती आल्या आणि बनी मागे पडली. त्यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, घरात खाणारी तोंडे असली की माणूस उताऱ्याकडे पाहतो. हे बनीचे प्रकरण ध्यानात असू द्या, पुढे कामाला येईल.

या हिंगणघाटात २६ डिसेंबर १९१४ रोजी एका जमीनदाराच्या घरी मुरलीधर देवीदास आमटे जन्मले. त्यांना आपण बाबा आमटे म्हणतो. त्यानंतर सुमारे सोळा वर्षांनी याच गावी उद्धव जयकृष्ण शेळके जन्मले. पहिले नाव घरोघरी माहीत आहे. दुसरे मात्र तुमच्यातल्या किती जणांनी ऐकले असेल, कोण जाणे. शेळक्यांचे आयुष्य पुढे बरेचसे अमरावतीकडे गेले आणि १९९२ साली ते वारले. १९६० साली त्यांची 'धग' नावाची कादंबरी प्रसिद्ध झाली. (याच नावाचा एक मराठी चित्रपटही आला होता, त्याची गोष्ट अगदी वेगळी आहे. तो पाहिला म्हणून हे वाचले असे समजू नका.)

'धग'मध्ये राजा नाही, पाटील नाही, मुंबईचा डॉक्टर नाही. एक शिंप्याचे घर आहे. महादेव हा घरधनी, स्वभावाने वाईट नव्हे, पण कामात जीव नसलेला. त्याची बायको कौतिक. भीमा, नामा आणि यशी ही मुले. कौतिकचा सारा जन्म एकाच गोष्टीत जातो, हे घर उभे राहिले पाहिजे. त्यासाठी ती गाव सोडायला तयार होते, नवऱ्याला ढकलून कामाला लावते, स्वतः मजुरीला जाते, पोरगा शिकावा म्हणून पोटाला चिमटा घेते. एक बाजू सावरावी तर दुसरी ढासळते. शेवटी नवऱ्याला महारोग होतो आणि इतके दिवस सगळ्यांना सांभाळणाऱ्या कौतिकच्याच मनाचा तोल जातो.

तुम्ही म्हणाल, हे तर आमच्या गल्लीत घडलेले आहे, यात लिहिण्यासारखे काय? माझेही पहिल्या वाचनात थोडेसे असेच झाले. दुसऱ्यांदा वाचताना कळले की खरी मेहनत तिथेच आहे. कादंबरीकाराला कौतिकची दया आली नसेल असे मला वाटत नाही. एवढी पाने एका बाईच्या सोबतीने काढायची आणि तिची दया यायची नाही, हे कसे होईल? त्याच्या हातात लेखणी होती. एखादा भला सावकार, एखादी लॉटरी, निदान गुणाचा जावई तरी आणून त्याला तिला सोडवता आले असते. आपल्या सिनेमांत असे सर्रास होते. शेळक्यांनी ते केले नाही, कारण कौतिकसारख्या बाईच्या दारी असा कोणी येत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी तिचे रडगाणेही मांडले नाही. ती भांडते, टोमणे मारते, हिशेब करते, कधी कधी चुकीचेही वागते. म्हणून ती खरी वाटते. लेखकाने आपल्या माणसाला नुसते चांगले करून ठेवले की ते कॅलेंडरवरच्या चित्रासारखे होते, हात जोडायला बरे, बोलायला निरुपयोगी.

आता बनीची आठवण करा. शेळक्यांनी पुढे लेखणीवरच संसार चालवला आणि त्यासाठी वाचनालयांतून भराभर खपणाऱ्या कादंबऱ्या पुष्कळ लिहिल्या. काही जाणकार त्याबद्दल नाके मुरडतात. मला ते पटत नाही. लांब धाग्याचे वाण हाती असूनही पोटासाठी उताऱ्याचे पीक घेणारा माणूस आपण रोज पाहतो, बहुधा आरशातच पाहतो. एक 'धग' पिकवली, हेच थोडे आहे का?

आणखी एक अडचण शेळक्यांपुढे होती आणि ती समजायला वर्धा नदीवर जावे लागते. ही नदी आपल्या जिल्ह्याची पश्चिमेची वेस. पुलगावकडून पलीकडे गेले की अमरावती जिल्हा लागतो. नदीच्या दोन्ही तीरांना माणसे तीच, पिके तीच, पण बोलीचा झोक बदलत जातो. अलीकडे नागपुरीचा वास, पलीकडे ठसठशीत वऱ्हाडी. 'मला' नाही, 'मले'. 'का' नाही, 'काहून'. 'ळ'च्या जागी 'य' येतो आणि डोळा 'डोया' होतो. आपण घरात असेच बोलतो, पण कागद पुढे आला की एकदम पुस्तकी होतो. तालुक्याला अर्ज लिहिणारा माणूस स्वतःच्या बायकोबद्दल लिहितानासुद्धा तिला शाळामास्तरीण करून टाकतो! 'धग'मध्ये सांगणारा सांगतो ते साध्या पुस्तकी मराठीत, पण माणसे बोलतात वऱ्हाडीत. हे दिसायला सोपे आहे. बोली फार जाडी केली तर पुण्याचा वाचक पुस्तक मिटतो. फार पातळ केली तर कौतिक कौतिक राहत नाही. एकेका वाक्याला हा तोल सांभाळायचा, आणि तो शेकडो पाने सांभाळायचा, हे मोठे चिकाटीचे काम आहे. पुस्तक मिळाले तर घरी मोठ्याने वाचा. मनात वाचून त्याची अर्धी गोडी जाते. घरातली म्हातारी कुठे हसते आणि कुठे गप्प होते तेवढे पाहा.

महादेवच्या दुखण्याचा धागा धरून आता वर्ध्याला परत येऊ. शहराबाहेर नागपूरच्या रस्त्याकडे, नालवाडीजवळ, दत्तपूर आहे. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली तिथे महारोग्यांसाठी काम सुरू केले. त्या काळी या रोगाचे नाव घेतले तरी लोक उठून जात. रोग्याला गावाबाहेर काढत, त्याचे ताट वेगळे, पुष्कळदा त्याचे नावही कोणी घेत नसे. दत्तपूरला अशी माणसे शेती करू लागली, सूत कातू-विणू लागली. इकडे सेवाग्रामला परचुरेशास्त्री नावाचे विद्वान हाच रोग घेऊन आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. आश्रमात गेलात तर परचुरे कुटी पाहायला विसरू नका. बाबा आमट्यांची गोष्ट तर त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. पावसात भिजत पडलेल्या तुळशीराम नावाच्या रोग्याला पाहून हा धाडसी माणूस घाबरून पळाला, आणि त्या भीतीचीच लाज वाटून पुढे वरोऱ्याला आनंदवन उभे राहिले.

एकाच गावात जन्मलेल्या दोघांपैकी एकाने रोग्याच्या जखमा धुतल्या आणि दुसऱ्याने रोग्याच्या घरात मागे उरलेल्या बाईकडे पाहिले. मी या दोन कामांची तुलना करीत नाही. जखम धुणे केव्हाही मोठे. पण त्या बाईच्या चुलीपाशी कोणतीही संस्था पोहोचत नव्हती. तिथे कादंबरी पोहोचली. आज या रोगाला आपण कुष्ठरोग म्हणतो आणि तो औषधांनी पूर्ण बरा होतो. बहुविध औषधांचा तो उपचार देशात पहिल्यांदा ज्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यात आपला वर्धा जिल्हा होता. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. ('धग' वाचणाऱ्या कोणाला हे सांगायची गरज पडणार नाही म्हणा.)

वर्धा शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. १९६९ साली अध्यक्ष होते पु. शि. रेगे, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर. दुसऱ्या वेळी त्याच सुमारास शहरात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. दोन मांडव, दोन्हीकडे गर्दी, आणि पुस्तकांच्या दुकानांपाशी खेड्यांतून आलेली पोरे पाने चाळत उभी. रेग्यांची 'सावित्री' १९६२ ची. सगळी कादंबरी पत्रांत आहे, आणि तीही एकट्या सावित्रीच्याच पत्रांत. समोरच्याची उत्तरे आपल्याला दिसत नाहीत, ती आपण मनाने भरून घेतो. सावित्रीचे जग कौतिकच्या जगापासून फार लांबचे आहे आणि खरे सांगायचे तर माझा जीव कौतिकमध्ये जास्त रमतो. पण एकाच माणसाचा आवाज धरून पूर्ण कादंबरी उभी राहू शकते, हे तिच्यावरून कळते. ही युक्ती मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सांगितली, कारण त्याला तिची गरज होती.

त्या गृहस्थाचे नाव मी लिहीत नाही. कादंबरी पुरी होईपर्यंत गावात कळू द्यायचे नाही असे त्याने मला बजावले आहे. वय चाळिशीच्या आसपास, पाच एकर वावर, शिक्षण बारावीपर्यंत. गुलाबी बोंडअळीचे सापळे पाहायला मी त्याच्या वावरात गेलो होतो. रोही आणि रानडुकरांच्या त्रासाने त्या भागात रात्रीची जागल करावीच लागते, म्हणून धुऱ्याजवळ मचाण बांधलेले. मचाणावर घोंगडे, बॅटरी, पाण्याची कॅन आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या तीन जाड वह्या. मला वाटले खतांचा हिशेब. तो लाजला, मग म्हणाला, "साहेब, कादंबरी हाये जी. वाचून पाहान काय?"

चार वर्षांपासून तो लिहीत होता. पेरणीपासून डवरणी-निंदण संपेपर्यंत एक अक्षर नाही, बोंडे धरली की जागल सुरू होते तेव्हा लिहायचे, आणि वेचणी लागली की पुन्हा बंद. तुटक तुटक लिहिण्याची मोठी अडचण अशी की आठ महिन्यांनी वही उघडली तर माणसे अनोळखी वाटतात. पहिल्या वहीत नायकाच्या आईला एका डोळ्याने दिसत नव्हते, दुसऱ्या वहीत ती सुईत दोरा ओवते! त्याने मग वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकाची नोंद केली, जसे आपण बैलांचे दात आणि गाईंचे वेत लिहून ठेवतो.

त्याच्या कादंबरीत एक कंजूष काका होता. तो हुबेहूब त्याच्या सख्ख्या काकासारखा उतरला. उद्या छापून आले तर वावराच्या वाटणीचा जुना वाद पुन्हा पेटायचा. त्याने काकाच्या मिशा काढून टाकल्या, तरी काका तो काकाच. मी त्याला म्हटले, "भाऊ, तुम्ही संकरित वाण कसे करतात ते ऐकले आहे ना? संध्याकाळी एका झाडाच्या कळीतले पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग त्यावर लावायचा. सरकी तयार होते ती दोघांचीही आणि दोघांपेक्षा निराळी." एच-४ हे कपाशीचे पहिले संकरित वाण गुजरातेत सुरतला १९७० साली अशाच हाताने केलेल्या संकरातून आले. त्याला ते लगेच समजले. काकाचा कंजूषपणा ठेवला, चालणे एका दुकानदाराचे घेतले, बोलणे बसमधल्या एका अनोळखी म्हाताऱ्याचे. पुढच्या भेटीत म्हणाला, "आता थो कोनाचाच काका नाही राहिला. पन साहेब, आता थो माह्यं आयकतच नाही. मी त्याले लग्नात भांडाले धाडलं, त थो नवरीच्या हातात शंभराची नोट देऊन आला!" हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी चांगल्या भावाच्या दिवशीही त्याच्या तोंडावर पाहिलेला नाही.

खरी अडचण पुढे होती. त्याचा नायक कर्जात बुडालेला शेतकरी. दोन वर्षे नापिकी, सोसायटीचे थकलेले, सावकाराचे वाढलेले. आपल्या भागात २००० नंतर जे घडत गेले ते तुम्हाला मी सांगायला नको. चौदाव्या प्रकरणात त्याने नायकाची आत्महत्या लिहिली आणि खाली 'समाप्त' लिहून दुहेरी रेघ मारली. वह्या बायकोला वाचायला दिल्या. तिने तेरा प्रकरणे वाचली, चौदावे वाचले आणि दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाली, "त्याले मारून तुमी मोकये झाले. मांगं त्याच्या बायकोनं काय केलं, थे कोन लिवनार?"

त्याने मला हे सांगितले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. अशा घरी नोकरीच्या निमित्ताने मी गेलेलो आहे. पंचनामा होतो, प्रकरण समितीपुढे जाते, पात्र की अपात्र ते ठरते. त्या साऱ्या कागदांत मेलेल्या माणसाचे क्षेत्र, कर्ज, पिके, सगळे असते. बाईपुढे 'पत्नी' एवढाच शब्द असतो. शेतकऱ्याच्या हलाखीवर आपल्याकडे कादंबऱ्या आल्या आहेत, बुलढाण्याच्या सदानंद देशमुखांच्या २००२ सालच्या 'बारोमास'ला तर साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण या गृहस्थाच्या घरात जो प्रश्न विचारला गेला तो त्याचा त्यालाच सोडवायचा होता. मला विचाराल तर नायकाला मारून पुस्तक संपवणे हे लेखकाला सोयीचे असते. वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते आणि लेखकाला पुढचा दिवस लिहावा लागत नाही. शेळक्यांनी कौतिकचा पुढचा दिवस लिहिला, आणि त्याच्याही पुढचा. मी त्याला 'धग' नेऊन दिली.

ती वाचून त्याने चौदाव्या प्रकरणाची पाने फाडली. नायकाचे मरण उचलून पहिल्या प्रकरणात नेले, तेही चार ओळींत. आता कादंबरी सुमनची आहे, म्हणजे मागे राहिलेल्या बायकोची. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की चार वर्षे तो जिला भाकरी थापायला लावत होता तिच्याबद्दल त्याला काही ठाऊक नाही. सातबाऱ्यावर वारसाची नोंद करायला तलाठ्याकडे ती एकटी जाईल की भावाला बोलावील? सोसायटीचे कर्ज कोणाच्या नावे चढेल? दीर वावर वाहायला मागेल तेव्हा ती नाही कशी म्हणेल? ठोक्याने दिले तर सासू काय बोलेल? कुंकवाचे काय? पोरीच्या शाळेच्या दाखल्यावर बापाच्या रकान्यात काय लिहायचे? मग त्याने विचारायला सुरुवात केली. आधी बायकोला, मग तिच्यामार्फत निंदणाला येणाऱ्या बायांना. त्यातल्या दोघी अशाच मागे राहिलेल्या आहेत. त्यांचे दुःख त्याने उचलून कागदावर टाकले नाही, तो दंडक त्याच्या बायकोनेच घातला आहे. बांधावर कोणी रडली तर ते वहीत येता कामा नये. पण सकाळी किती वाजता उठावे लागते, बियाण्याच्या दुकानदाराने उधारीला काय म्हटले, पोळ्याला बैल कोणी सजवले, हे त्याने बारकाईने विचारले.

'सावित्री'ची पत्रांची युक्ती त्याला मी इथेच सांगितली होती. त्याने थोडे वेगळे केले. त्याची सुमन पत्रे लिहीत नाही, ती वखरताना, वेचताना मेलेल्या नवऱ्याशी मनात भांडते. तेवढा भाग आपल्या बोलीत आहे, बाकीचा साध्या मराठीत. मला वाचून दाखवताना तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "साहेब, डवरे हानताना बी हे बाई माह्या डोक्यात बोलते. मी मंग एका तासातून दुसऱ्या तासात चाललो जातो, पऱ्हाटी उखडते." नुकसान झाले खरे, पण सांगताना तो हसत होता.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा चौथी वही अर्धी भरली होती. सुमन तहसील कचेरीत पोहोचली आहे. सकाळपासून रांगेत आहे आणि खिडकीवरचा बाबू तिला तिसऱ्यांदा सांगतो आहे की एक कागद कमी आहे, पुढच्या सोमवारी या. इथे तिने काय बोलावे ते त्याला सुचत नव्हते. त्याने तिच्या तोंडी एक मोठे भाषण लिहून पाहिले होते, शेतकऱ्यांच्या हालांबद्दल, सरकारबद्दल. भाषण झणझणीत होते, मला आवडलेही. बायकोला वाचून दाखवले तेव्हा ती तुरीच्या शेंगा सोलत होती. वर न पाहता म्हणाली, "थे एवढं नाही बोलनार. थे तिथंच खाली बसून घेईन."

त्याने तसेच लिहिले आहे. पुढचे वेचणी आटोपल्यावर.